देवचंदच्या रक्ताचा गूळ

ते साल दोन हजार तेवीस. चिचटोल्याची मंडई, म्हणजे गावची जत्रा, त्या साली दिवाळीनंतर आठवड्याभराने भरली आणि त्याच दिवशी कापगत्यांच्या अंगणात देवचंदच्या रक्ताचा गूळ वाटला गेला. वाटला तो कुंदाबाईंनी, स्वतःच्या हाताने, डफडं लावून. पुढे कितीतरी दिवस त्या घरावरून जाणारा माणूस थांबून विचारायचा, "काय काकू, यंदा किती हात भरलं देवचंदचं रक्त?" कुंदाबाई तोंडाला पदर लावून हसायच्या. फार वर्षांनी त्यांना असं हसायला कारण मिळालं होतं.

गुळाची ही रीत त्या घरात तलावाइतकीच जुनी. तलाव बांधला कापगत्यांच्याच पूर्वजांनी. पाऊस सरला की तलावाच्या पाळीवर घरातला वडीलधारा जाई, मोजणीच्या दगडी खांबापाशी उभा राही आणि पाणी किती हात चढलं ते ओरडून सांगे. आकडा ऐकला की डफडं वाजे आणि घरची बाई गूळ वाटी. आकडा मोठा तर खडा मोठा. कुंदाबाई नवी नवरी होऊन आल्या तेव्हा त्यांच्या तळहातावर सासूने पहिली गोष्ट ठेवली ती हाच गूळ, आणि कानावर पहिला आवाज पडला तो सासरे केशोरावांचा, "अकरा हाऽऽत!" त्या दिवसापासून कुंदाबाईंना मोठा आकडा ऐकला की जिभेवर आपोआप गोड चव यायची.

पण तेच केशोराव एका हिवाळ्यात तुडुमापाशी कोसळले. तुडुम म्हणजे तलावाचं पाणी पाटात सोडायचं दार. रब्बीचं पहिलं पाणी घरच्या माणसाच्या हातून सुटायचं, असा मान होता. पुढे कुंदाबाईंचे मालक केवळराम तोच मान पार पाडताना त्याच जागी छातीला हात लावून बसले, ते उठले नाहीत. दोघांनीही साठी पाहिली नाही. गावाने निकाल दिला : तलावाला या घरचं रक्त लागतं. कुंदाबाईंनी वाद घातला नाही. तलावाकडे उघडणारी मागची खिडकी त्यांनी बंद केली, खिळा ठोकला, आणि नंतरची वीसेक वर्षं पाळीवर पाऊल ठेवलं नाही. मुलाला, देवचंदलाही ठेवू दिलं नाही.

मान गेला भैय्यालालकडे. भैय्यालाल म्हणजे त्यांच्या नणंदेचे, मंदाबाईंचे यजमान. लग्नापासून याच घरात राहिलेले घरजावई. रक्त बाहेरचं, म्हणून तलावाला चालत नाही असं ठरलं. माणूस काडीसारखा बारीक, पण पाणी सोडायच्या दिवशी पांढरं धोतर, लाल फेटा आणि छाती अशी पुढे, की तलाव त्यांनीच बांधला असावा.

आणि देवचंद? बाप गेला त्या वयाला तो आता येऊन टेकला होता. गोरागोमटा, अंगाने भरलेला, कोणालाही नाही म्हणता न येणारा. दरवर्षी एकदाच हट्ट करायचा, "माय, यंदा मी सोडतो ना वो पाणी." आणि दरवर्षी कुंदाबाई त्या दिवशी जेवायच्या नाहीत. मग देवचंद मुकाट्याने फुफाजींचा, म्हणजे भैय्यालालांचा, फेटा बांधून द्यायचा.

भाऊबीजेला नीतू आली ती हातात निळा डबा घेऊन. नीतू देवचंदची लेक. गोंदियाच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायची, फुलचूरला खोली करून राहायची. आदल्या दिवशीच तिने फोनवर सगळ्यांना बजावलं होतं, की रात्री जेवल्यावर सकाळपर्यंत कोणी काही खायचं नाही, चहासुद्धा नाही.

"सगळ्याईचंच रक्त? काऊन? कोणाले काय झालं?" कुंदाबाईंनी विचारलं होतं.

"काही झालं नाही आजी. होऊ नये म्हणून."

कुंदाबाईंनी याचा आपल्या परीने अर्थ लावला. तपासणी म्हणजे परीक्षा, आणि परीक्षेला पोराला रिकाम्या पोटी धाडायचं नसतं. बंदी जेवणानंतरची होती, जेवणावर नव्हती. त्यांनी देवचंदच्या ताटात अनारशांची चळत रचली, वर तूप सोडलं. "खाय बापू. रक्तात जोर दिसला पायजे."

सकाळी ओसरीवर रांग लागली. देवचंदने हात पुढे केला आणि दुसरीकडे बघत शीळ घातली. मंदाबाईंनी सुई टोचून घेताना शेजारणीच्या सुनेची गोष्ट सुरू केली ती सुई निघाली तरी संपली नाही. भैय्यालाल मात्र गोठ्याच्या खांबाला धरून उभे.

"आजोबा, या ना," नीतू म्हणाली.

"मंदे, तू जाय माह्यावतीनं आणखी एकदा."

"वा रे वा," मंदाबाई म्हणाल्या, "तुडुम उघडता तवा तं कोंबड्यावानी छाती फुगवता. इतकुशा सुईले कायले भेता?"

"पाण्याचा आवाज असते, मंदे. सुई काही बोलत नाही. जे बोलत नाही त्याचं मले लय भेव लागते."

शेवटी देवचंदने त्यांचे डोळे झाकले, अंजूने हात धरला आणि काम झालं. अंजू म्हणजे देवचंदची बायको. तिने स्वतःचंही रक्त देऊन टाकलं आणि चहाचं आधण ठेवायला पळाली, कारण तोवर घरात चहावाचून बंड व्हायची वेळ आली होती.

"आता तू, आजी."

"माहं कायले? मी या घरची लेक थोडी आहो. सून आहो."

"रक्ताले लेक-सून समजत नाही."

"मले समजते ना." कुंदाबाईंची नजर देवचंदच्या नळीवर खिळली होती. नात डबा बंद करू लागली तशा त्या जवळ सरकल्या आणि हळूच म्हणाल्या, "नीतू, यात दिसते का वो, तलाव आता कोणाले नेणार आहे तं?"

नीतूने झाकण लावलं. "दिसंल ते सांगीन," एवढंच म्हणाली. डबा उचलून ती दुपारच्या बसने गेली. कुंदाबाईंना त्या आठवड्यात झोप लागली नाही.

मंडईच्या दिवशी घर माणसांनी फुलून गेलं. लेकीबाळी, व्याही, आमगावचे मामे, कोण कुठल्या नात्याने आला हे विचारायची त्या दिवशी पद्धत नसते. दंडारीचा खेळ करणारे दंडारवाले डफडी घेऊन अंगणात चहा पीत बसले होते. आणि अंजूचा मोबाइल वाजला.

"रिपोर्ट आले वाटते!" अंजू ओरडली. नीतू म्हणाली होती, मी येताना घेऊन येईन. पण लॅबने परस्पर धाडले होते. अंजूने चष्मा शोधला, सापडला नाही, तसाच फोन लांब धरला. "बारीक इंग्रजी हाये, ते मले दिसत नाही. नावं आन् आकडे तेवढे दिसून राहिले."

"मंग आकडेच सांग," कुंदाबाई म्हणाल्या. हातातलं चहाचं भांडं त्यांनी खाली ठेवलं.

"यांचं... दोनशे अठ्ठ्याऐंशी!"

कुंदाबाईंनी लगेच विचारलं, "आन् जावईबापूचं?"

"फुफाजीचं एकशे एक्केचाळीस."

"अर्धंच?" मंदाबाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं, जणू त्यांनी घरजावई व्हायच्या आधीच हे सांगायला हवं होतं.

"दुसरी ओळ वाच."

"यांचं चारशे बारा! फुफाजीचं सत्त्याहत्तर."

"सत्त्याहत्तर!" आमगावचे मामा हळहळले.

"तिसऱ्या ओळीत थोडं उतरलं. यांचं एकतीस. मंदाआत्याचं बासष्ट."

"पाह्यलं?" मंदाबाई म्हणाल्या. "एका ओळीत का होईना, मी त्याच्या वर आहो."

कुंदाबाई काही ऐकत नव्हत्या. दोनशे अठ्ठ्याऐंशी. चारशे बारा. इतके हात पाणी तर केशोरावांच्या काळीही कोणी ऐकलं नव्हतं. त्यांच्या लेकाचं रक्त काठोकाठ भरलेलं होतं! छातीवरचा दगड कोणी अलगद उचलावा तसं झालं. जिभेवर ती जुनी गोड चव आली आणि त्या उभ्या राहिल्या.

"भरलं! अंजू, गूळ काढ. वाजवा रे!"

दंडारवाल्यांना 'वाजवा' म्हटल्यावर पुढचं काही विचारायची सवय नसते. डफडी सुरू झाली. देव्हाऱ्यातली झेंडूची माळ देवचंदच्या गळ्यात पडली, त्याला बाजेवर बसवलं, आणि नात्यातल्या बायका एकामागून एक त्याच्या तोंडात गूळ घालू लागल्या. देवचंद लाजत, हसत, चघळत होता. कुंपणापलीकडून शेजारच्या गजेंद्रने हाक दिली, "काकू, मंडईले कायचा गूळ?"

"देवाच्या, आमच्या देवचंदच्या रक्ताचा!"

"किती हात?"

"चारशे बारा!"

"अरे बाप रे," म्हणत गजेंद्र कुंपणावरून उडी मारूनच आला.

भैय्यालाल गोठ्यात जाऊन बैलाच्या आडोशाला बसले. "मी उपाशी होतो म्हणून कमी आलं," ते बैलालाच सांगत होते. "मले जेवू घालून तपासा म्हणा."

"नापास माणसानं बोलू नये," मंदाबाईंनी बाहेरून सुनावलं. वीस वर्षं नवऱ्याच्या मानासाठी भावजयीशी चढाओढ करणारी ही बाई एका आकड्यात भावाच्या घराकडे वळली होती. "यंदा पाणी देवाच सोडंल."

"मंदे, तू माह्या बाजूनं हायेस का त्याईच्या?"

"ज्याचं रक्त जास्त त्याच्या."

देवचंदने ते ऐकलं. तोंडातला गूळ गिळला आणि माळेसकट आईसमोर येऊन उभा राहिला. या वेळी त्याच्या आवाजात हट्ट नव्हता. "माय. सोडू पाणी?"

डफडी वाजत होती. सगळे हसत होते. कुंदाबाईंनी लेकाच्या भरल्या गालांकडे पाहिलं आणि वीस वर्षांत न निघालेला होकार तोंडातून निघून गेला. "हाव."

देवचंदने आईला उचललंच. त्याच वेळी फाटकातून कोणीतरी किंचाळलं.

"बाबा! थुका ते!"

नीतू होती. खांद्यावरची पिशवी तिने तिथेच टाकली. डफडी एकेक करून थांबली.

"काय खाऊन राहिले तुम्ही?"

"गूळ," देवचंद म्हणाला. "माह्या रक्ताचा. पहिला आलो ना मी."

नीतूला समजायला क्षणभर लागला. तिने माळेकडे पाहिलं, गुळाच्या ताटाकडे पाहिलं, अंजूच्या हातातल्या फोनकडे पाहिलं, आणि पायरीवर बसून हसू लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी. "आजी, आजी वो... हे कमी पायजे असते! कोलेस्टेरॉल आहे ते. चरबी आहे, चरबी! जास्त आलं म्हंजे वाईट!"

गोठ्यातून आवाज आला.

"कमी पायजे असते?"

भैय्यालाल बैलाच्या मागून निघाले. अंगाला गवत चिकटलेलं, पण छाती पुढे. "म्हंजे एकशे एक्केचाळीस..."

"तुम्ही पहिले, आजोबा."

त्यांनी कोणाची वाट पाहिली नाही. देवचंदच्या गळ्यातली माळ काढली, स्वतःच्या गळ्यात घातली आणि बाजेवर जाऊन बसले. "वाजवा," म्हणाले. दंडारवाल्यांनी वाजवलं. लोक हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडले. गजेंद्र तर ओसरीच्या पायरीवरून खाली घसरला.

"आन् माहं बासष्ट?" मंदाबाईंना राहवेना.

"ते एकच जास्त पायजे असते, मंदाआजी. ते चांगलं असते."

"सांगितलं नव्हतं मी?" मंदाबाईही बाजेवर नवऱ्याला टेकून बसल्या. बाजू पुन्हा बदलली होती.

फक्त कुंदाबाई हसत नव्हत्या. 'हाव' म्हणून बसलेलं ते तोंड त्यांना आता परकं वाटत होतं. त्यांनी नातीचं मनगट धरलं. "खरं सांग. नेणार हाये का तलाव याले?"

नीतूचं हसू थांबलं. ती आजीजवळ सरकली. "आजी, पाटात गाळ साचला तं काय होते?"

"शेवटच्या बांधीले पाणी पोचत नाही. धान वाळते."

"बाबाच्या नसांत तसाच गाळ बसत असंल. डॉक्टरनं पाह्यलं पायजे."

"गाळ काढता येते, बाई. दरसाल काढतोच ना आपण."

"हेही कमी करता येते. गोळी हाये. चालणं हाये. गूळ बंद." शेवटचे शब्द तिने बापाकडे बघून म्हटले. मग पिशवीतून एक कागद काढला, पण वाचला नाही, नुसता हातात धरला. "आणखी एक तपासणी नागपूरले धाडली होती. ते काही खाण्यानं येत नाही. बापाकडून, आजोबाकडून रक्तातच येते. आपल्या घरात हाये ते. बाबाचं लय जास्त हाये. मंदाआजीचंही हाये."

"आन् तुले कसं सुचलं हे?"

"माहंही हाये, आजी. लॅबमध्ये मशीन नवी आली तवा मी माहंच रक्त टाकून पाह्यलं. तवा मले गेलेले आजोबा आठवले. पणजोबा आठवले. मंग मी डबा घेऊन आली."

कुंदाबाईंनी नातीचा चेहरा दोन्ही हातांत घेतला. बाजेभोवती डफडी चालूच होती. मग त्यांनी विचारलं, आणि प्रश्न असा विचारला जणू तो उत्तराने मोडेल. "मंग... तुह्या आजोबाले तलावानं नाही नेलं?"

"नाही वो. तलावाचं त्यात काहीच नाही. घरी बसून असते तं घरातच गेले असते. तवा कोणी पाह्यलं नव्हतं, म्हणून कळलं नाही."

"पण मंदीतही तेच रक्त हाये म्हणतेस. ते तं सत्तरीच्या पुढं गेली, दिवसभर गूळ खाते."

"तिनं आजोबावानी बिडी नाही ओढली. चांगलं जास्त हाये तिचं. थोडं नशीबही असंल. रक्तात हाये म्हणून जाणारच असं नसते, आजी. फक्त सांभाळून राहा लागते."

कुंदाबाई उठल्या. लोकांना वाटलं, आत जाऊन रडतील. आतून ठोक ठोक असा आवाज आला. अंजू धावली. तिने पाहिलं, सासूबाई पाटावर चढून खलबत्त्याच्या दांड्याने मागच्या खिडकीचा गंजलेला खिळा ठोकून काढत होत्या. खिडकी कुरकुरत उघडली. समोर तलाव पसरलेला, दुपारचं ऊन अंगावर घेऊन, कोणाचंही काही न घेतलेला.

"बिचारा," कुंदाबाई म्हणाल्या. "वीस वर्षं शिव्या देल्या याले." आणि मग त्या हसू लागल्या. आधी नाकातल्या नाकात, मग खांदे हलवत, मग खिडकीची चौकट धरून. अंजूला वाटलं सासूबाईंना काही झालं. देवचंद आला, नीतू आली, मंदाबाई आल्या, आणि हसणं एकाकडून दुसऱ्याकडे असं पसरलं की शेवटी कोणाला कारण आठवेना.

"देवा," श्वास सापडल्यावर त्या म्हणाल्या, "हाव म्हटलं ते म्हटलं. पण डॉक्टर हाव म्हणंल त्याच दिवशी."

"आन् माहा मान?" दारात माळ घालून भैय्यालाल उभे होते. "पहिला मी आलो ना?"

"तुमचा मान कोण काढते, जावईबापू? तुम्ही याचा हात धरा. गाळवाल्याले बिनगाळाच्या माणसाचा आधार लागंल."

गोंदियाच्या डॉक्टरने देवचंदला तपासलं, फिरत्या पट्ट्यावर चालवून पाहिलं, एक नस अरुंद होते आहे म्हणाला, गोळ्या दिल्या आणि महिन्याभराने जड काम सोडून बाकी सगळ्याला परवानगी दिली. तुडुमाची दांडी जड कामात येते की नाही यावर घरात दोन दिवस वाद झाला. शेवटी दांडी भैय्यालालांनी उचलली आणि देवचंदने तिला नुसता हात लावला. पाणी पाटात उसळलं. पाळीवर उभ्या असलेल्या बाईने त्या आवाजात डोळे मिटले नाहीत, हे गावाने पाहिलं. ती बाई म्हणजे कुंदाबाई.

पुढचं सगळं गावाला माहीत आहे. भैय्यालाल त्या दिवसापासून कोणाला आवरेनासे झाले. लग्नात, तेरवीत, बाजारात, कुठेही ते आपला आकडा सांगतात आणि समोरच्याचा विचारतात. मंदाबाई डॉक्टरची गोळी न चुकता घेतात, अनारशासोबत. अंजूने चष्मा दोरीने गळ्यात बांधला. टोल्यातले लोक आता तिच्याकडे रिपोर्ट घेऊन येतात आणि ती पहिल्यांदा विचारते, "हा आकडा वर पायजे का खाली?" गजेंद्रचाही आकडा फार वर निघाला, आणि तो हल्ली कुंपण ओलांडायचं सोडून फाटकाने फेरा मारून येतो, तेवढंच चालणं. नीतूचं लग्न आमगावच्या हेमेंद्रशी झालं. त्याने फोटोच्या आधी रक्ताचा रिपोर्ट धाडला होता, आणि तिच्या मते त्याचा रिपोर्ट फोटोहून देखणा होता. देवचंद रोज सकाळी पाळीवरून चालतो. तो अंगाने उतरला आहे, बापाची बंडी त्याला आता बसते. त्याच्या मागे हातात काठी घेऊन कुंदाबाई चालतात, आणि तो रेंगाळला की हाकतात. त्यांनीही शेवटी रक्त दिलं. त्यात काही निघालं नाही. निघालं नाही याचं त्यांना थोडं वाईटच वाटलं.

परवाच्या साली पाऊस सरल्यावर सगळे खांबापाशी जमले. पाणी चढलेलं होतं. भैय्यालालांनी आकडा ओरडून सांगितला, डफडं वाजलं, गुळाचं ताट फिरू लागलं. देवचंदने सवयीने हात पुढे केला. कुंदाबाईंनी ताट पलीकडे सरकवलं, कनवटीची पुरचुंडी सोडली आणि त्याच्या तळहातावर चार फुटाणे ठेवले. देवचंदच्या रक्ताचा नवा रिपोर्ट आला होता आणि अंजू मोबाइल उघडत होती. त्यातला आकडा किती उतरला होता, हे अजून कोणालाच ठाऊक नव्हतं.

"थांब जरा," कुंदाबाई म्हणाल्या. "तुहं डफडं वाजाचंच हाये अजून."